मारखाऊ

दाताच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनी दया येऊन एक मासा टाकीबाहेर काढला, आणि त्यामुळे दुसरा मेला. मंगळवार होता. मंगळवारी मी तिथली टाकी धुतो. बादली, नळी आणि काच खरवडायचं पातं घेऊन आत शिरलो, तर मादी फिल्टरच्या तोंडाला चिकटलेली होती. शेपूट नाही, कल्ल्याजवळचं मांस उचकटलेलं, पोटावरचा नारिंगी डाग तेवढा शाबूत. नर टाकीत गोल फिरत होता. त्याच्या अंगावरचे काळे पट्टे, ज्यांच्यामुळे आमच्या धंद्यात ह्या जातीच्या सिक्लिडला कैदी म्हणतात, इतके ठळक मी कधी पाहिले नव्हते. व्यायाम करून, आंघोळ करून, भांग पाडून आलेल्या माणसासारखा तो ताजातवाना होता. आणि काउंटरवर, बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत, तिसरा : बोटाएवढा, पिवळा, अर्धी शेपूट केव्हाच गेलेला, जिवंत. "दोघं मिळून किती मारायचे हो त्याला," बाई म्हणाल्या. "बघवेना. पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात त्यांच्यासमोर हे असलं. म्हणून काढून घेतला. चार दिवस झाले. आता बघा कसा शांत आहे." मी म्हणालो, "बाई, तो मार खायलाच ठेवला होता." "म्हणजे?" "म्हणजे त्याची नेमणूकच ती होती." आतल्या खोलीत ड्रिल सुरू झालं आणि कोणीतरी आं आं करायला लागलं. बाकावरचे गाल सुजलेले गृहस्थ म्हणाले, "मारू दे हो, मासेच ते," आणि परत गाल धरून बसले. बाईंनी बरणी स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, "पण त्याला कोणी विचारलं होतं का?" हा प्रश्न मला इतका विनोदी वाटला की मेलेली मादी कागदात गुंडाळताना मी मोठ्यानं हसलो. रस्ताभर हसत होतो. माशाला विचारायचं. त्याचा अर्ज मागवायचा, मुलाखत घ्यायची, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं मागायची.

ही पद्धत माझी नाही, दुकानाच्या मालकांची आहे. चाळीस वर्षं ते सिक्लिड बघत आलेत आणि त्यांचं म्हणणं असं की ह्या माशाला सगळं कळतं. दगड कळतो, हद्द कळते, पिल्लं कळतात, खाणं घालणारा हात कळतो. फक्त शांतता तेवढी कळत नाही. शांतता झाली की तो विचार करायला लागतो, आणि विचार करून मान वर केली की समोर बायकोच असते. म्हणून जोडी टिकवायची तर टाकीत तिसरा लागतो. दोघांहून लहान, पळता येण्याइतका चपळ, पण फार लांब पळता येऊ नये इतक्या छोट्या टाकीत. दोघं मिळून त्याला हाकलतात, दमतात, एकमेकांच्या अंगाला अंग घासतात, अंडी घालतात. मालक त्याला मारखाऊ म्हणतात. गिऱ्हाइकाला मात्र सांगायचं नसतं. गिऱ्हाइकाला म्हणायचं, "हा पिवळा सोबत म्हणून. रंगाला बरा दिसतो." मी गेल्या तीन वर्षांत एकवीस टाक्यांमध्ये असे एकवीस सोबती सोडलेत आणि मला एकदाही वाईट वाटलेलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, नुसतं सांगतोय.

त्या संध्याकाळी घरी गेलो. घर म्हणजे दादाचं आणि वहिनीचं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या खोलीतला सोफा, ज्याच्यावर मी झोपतो आणि ज्याच्या पोटात माझे कपडे असतात. दादा विमा कंपनीत आहे. लोकांची घरं जळतात, तेव्हा ती चुकीच्या पद्धतीनं जळली आहेत हे त्यांना समजावून सांगणं हे त्याचं काम. वहिनी चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारते, आधीचं बरं होतं की आत्ताचं? दोघं सहाच्या सुमारास वेगवेगळी घरी येतात आणि मी येईपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी दार उघडलं की दादा म्हणतो, "आलं बघ शेवाळ." शेवाळ म्हणजे मी. "हात धुतलेस का? कुठल्या डबक्यात?" मग वहिनी स्वयंपाकघरातून म्हणते, "अरे, नको बोलूस भाऊजींना. फुगतील आणि वर तरंगतील." ती मला भाऊजी, तुम्ही, असं अगदी मानानं बोलते, आणि त्या मानात एक बारीक टाचणी असते. "सव्वीस वर्षांचा घोडा," दादा म्हणतो, "आणि व्हिजिटिंग कार्डावर काय लिहिणार? माशांच्या संडासाचा इंजिनिअर." मी हसतो. मी विनोदी माणूस आहे असं घरात मानलं जातं, म्हणजे माझ्यावर विनोद होतात. त्या दिवशीही मी हसायला तोंड उघडलं होतं, आणि नेमकी माझी नजर टेबलाखाली गेली. चमचा पडला होता म्हणून. दादाचा गुडघा हलत हलत वहिनीच्या गुडघ्याला टेकला होता, आणि वहिनीनं तिचा काढून घेतला नव्हता. वर ते माझ्यावर हसत होते आणि खाली, टेबलाच्या अंधारात, गुडघे एकमेकांना घासत होते. मी चमचा न उचलता बराच वेळ वाकून राहिलो. "काय भाऊजी, मासे दिसले का खाली?" वहिनी म्हणाली, आणि गुडघा अजून थोडा सरकला.

त्यानंतर जेवणाला चव राहिली नाही. म्हणजे चव होती, जीभ माझी राहिली नव्हती. तीन वर्षांच्या संध्याकाळी मी एकेक काढून बघायला लागलो, आणि प्रत्येकीच्या खाली गुडघे होते. मी कपाटाला धडकलो, तेव्हा त्यांनी एकमेकांना टाळी दिली होती. माझं एका नर्सशी जमता जमता फिसकटलं, तेव्हा दादा वहिनीला रविवारी फिरायला घेऊन गेला होता. मला ताप आला होता आणि मी तापात काहीतरी बरळलो, त्याची दोघं आठवडाभर नक्कल करत होती, एक ओळ तो, एक ओळ ती, गाण्यातल्यासारखी. मला वाटायचं मी त्यांच्याकडे राहतो. मग मी प्रयोग करायचं ठरवलं, कारण मालकांनी शिकवलं आहे की माशाचं वागणं कळायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी स्वतःला टाकीतून काढलं. दुकानात थांबून टाक्यांचे पंप पुसत बसायचो आणि त्यांची जेवणं झाल्यावर घरी जायचो. पहिल्या दिवशी आतून नुसता टीव्हीचा आवाज, त्याच्या आवाजात दोघांचं गप्प बसणं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी नळ वाहत होता आणि कोणी बंद करत नव्हतं. तिसऱ्या दिवशी रॅकमध्ये एक ताट कमी होतं. चौथ्या दिवशी दार उघडलं तर वहिनी दिव्याखाली, घरात, काळा गॉगल लावून बसली होती. "दुकानात नवीन आलाय," ती म्हणाली. "घालून बघत होते." दादा समोर ब्रेडच्या कडा कापत होता, फार सावकाश, फार सरळ, आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग होता. छान रंग होता. मी बादली आपटली. मग अडखळलो, जवळजवळ ठरवून अडखळलो, आणि टेबलावरचा चहाचा कप दादाच्या ऑफिसच्या कागदांवर सांडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग दादा उभा राहिला. "तुला दोन पाय दिलेत ते कशाला रे? एक काढून ठेव, कमी पडशील!" वहिनीनं काय सांडलंय ते बघायला गॉगल काढला. तिचा डावा डोळा पिकलेल्या फळासारखा मिटला होता. "नाही नाही," ती म्हणाली, "पाय नका काढू. भाऊजींना शेपूट लावू." आणि हसली. हसताना तो डोळा दुखला असणार, कारण तिनं त्यावर हात धरला, आणि दादानं तो हात हळूच बाजूला करून "बघू" असं म्हटलं. मी जमिनीवर गुडघे टेकून चहा पुसत होतो. मला इतकं हलकं वाटलं, इतकं उपयोगी, की तेव्हाच कळलं, इथून निघायला हवं.

निघायची जागा होती. मालक दुसऱ्या शहरात दुकान काढत होते. समुद्राच्या बाजूला, मोठ्या टाक्या, आणि वर एक खोली, जिच्यात फक्त मी असणार होतो. "तू बघ तिथलं," ते म्हणाले. "महिन्याअखेर सांग. नाही म्हणालास तर दुसऱ्याला विचारतो." त्या खोलीचा मी इतका विचार केला की तिच्या भिंतींना मला वासही यायला लागला, चुन्याचा. पण डोळे मिटले की खोलीत वहिनी गॉगल लावून बसलेली असायची. मला तिच्याबद्दल प्रेम वगैरे नव्हतं, टाचणीबद्दल कोणाला प्रेम असतं? पण फिल्टरच्या तोंडाला चिकटलेली मादी मी स्वतःच्या हातांनी सोडवली होती, तिचा थंड बुळबुळीतपणा अजून बोटांना होता, आणि मला तो पुन्हा नको होता. मी गेलो की चार दिवस. तेव्हा प्रश्न साधा होता, धंद्यातला होता. माझ्या जागी कोण? मी कुत्र्याचा विचार केला. वहिनीला केसांनी शिंका येतात. पोपटाचा केला, पोपट उलट बोलतो. दादाच्या ऑफिसातल्या एका बावळट माणसाला भाडेकरू म्हणून आणावं असंही मनात आलं, पण भाडेकरू सोडून जाऊ शकतो. मारखाऊ असा हवा की ज्याला दुसरीकडे जागा नाही. आणि मग, दुकानात अळ्यांचा डबा उघडता उघडता, मला बाबांची आठवण झाली.

बाबा वाहन परवान्याची परीक्षा घ्यायचे. एकतीस वर्षं ते अनोळखी माणसांच्या शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर लाकडी पॅड, पॅडला लोखंडी क्लिप, आणि न बोलता खुणा करत राहिले. घरीही न बोलता खुणा करायचे. पेला कसा धरला, दार कसं लावलं, बूट कुठे काढले. दादाला ते ठोंब्या म्हणायचे. ठोंब्याला पॅडनं मारायचे, सपाट बाजूनं, आणि फारच चुकलं तर क्लिपच्या बाजूनं. आई तेव्हा टेबलापाशी उभी असायची, आणि मला स्पष्ट आठवतंय, तिचा चेहरा सैल व्हायचा. एरवी ती बाबांशी एक शब्द बोलायला दहादा विचार करायची, पण दादा कोपऱ्यात उभा असला की म्हणायची, "ऐकतच नाही तो, तुम्ही तरी काय करणार," आणि त्यांच्या ताटात वाढायची, आणि बाबा म्हणायचे, "तूही बस." ती दोघं तेवढी एकत्र जेवायची. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चित्रं काढत असायचो. मला कोणी मारलं नाही. मी सहा वर्षांचा असताना बाबांचा चष्मा माझ्या पायाखाली आला. खोलीत कोणी नव्हतं. बाबा आले, खाली बघितलं, अजून काही विचारलंही नव्हतं, आणि मी म्हणालो, "दादानं." इतकं सोपं होतं ते. दादा सोळा वर्षांचा, दारात उभा, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नुसते हात मागे बांधले, जणू त्याचा नंबर आलाच होता. पुढे तो अठरा वर्षांचा झाल्यावर बाबांनीच त्याची परवान्याची परीक्षा घेतली, तीनदा, आणि तीनदा नापास केला. दादा आजही गाडी चालवत नाही. वहिनी चालवते, तो शेजारी बसतो, पट्टा लावून, हात मांडीवर.

आता आई नव्हती. बाबा एकटे राहत होते, फोनवर त्यांचा आवाज जुन्या सेलवर चालणाऱ्या घड्याळासारखा यायचा. मी दादाला म्हणालो, "बाबा थकलेत. आता काही बोलतही नाहीत. शेजारीण सांगत होती, हात थरथरतात, खाताना अंगावर सांडतात." मी हे अगदी सहज, बूट काढता काढता म्हणालो. दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "सांडतात?" तो म्हणाला. "हो. मग शेजारीणच पुसते." मग म्हणाला, "येऊ दे." वहिनी म्हणाली, "माझ्या घरात? तुझेच किस्से आठव, पॅडचे." "म्हणूनच येऊ दे," दादा म्हणाला, आणि तिला ते कळलं, आणि दोघं एकमेकांकडे बघून असं हसली, की त्यांच्या लग्नाच्या फोटोतही ती तशी हसलेली नाहीत. मी मालकांना होकार कळवला.

नवा मासा सोडायचा तर आधी टाकीतले दगड हलवावे लागतात. हे आमच्याकडचं पहिलं काम. दगड जागच्या जागी ठेवून नवा सोडलात तर जुने त्याला तासाभरात संपवतात, कारण प्रत्येक दगड कोणाचा तरी असतो. दगड उलटेपालटे केले की सगळेच परके होतात, सगळेच आपापला कोपरा शोधण्यात गुंततात, आणि नवा निदान जगतो. मला बाबा मरायला नको होते. मारखाऊ टिकायला हवा, रोज नवा कुठून आणणार? म्हणून रविवारी दादा आणि वहिनी गाडी घेऊन त्यांना आणायला स्टेशनवर गेली, तेव्हा मी घर हलवलं. सोफा भिंतीकडून काढून मधोमध, टेबल खिडकीकडून आत, टीव्ही दाराजवळ, दादाची पाठ उंच असलेली खुर्ची खिडकीपाशी, आणि तिच्या जागी उभा दिवा. घाम आला होता. तासाभरानं दार उघडलं. दादा आधी आत आला, बाबांची बॅग घेऊन, आणि उंबरठ्यावरच थांबला. स्वतःच्या घरात. "हे काय केलंस रे?" "जागा मोकळी व्हावी म्हणून." तो सवयीनं आपल्या खुर्चीकडे गेला, तिथे दिवा होता, दिव्याला धडकला, "सॉरी" म्हणाला. दिव्याला. वहिनी हसली, थोडीशीच. मग बाबा आले. छोटे झाले होते, पांढरेफटक, कोट दोन मापं मोठा. हात खरंच थरथरत होते. त्यांनी खोलीवर नजर फिरवली. कोणाची परीक्षा घ्यायच्या आधी गाडीभर फिरवायचे तशी, आरसा, सीट, ब्रेक. मग चालत गेले आणि खिडकीजवळच्या उंच खुर्चीत बसले. "उजेड बरा आहे," ते म्हणाले.

चूक माझी होती, आणि ती धंद्यातलीच होती. दगड हलवले की सगळे सारखे होतात एवढं मी शिकलो होतो. पण सारखे झाल्यावर वर कोण येतो, हे दगडांवर ठरत नाही, माशावर ठरतं, आणि मी मासा नीट बघितला नव्हता. दादाची सगळी ताकद त्या खुर्चीत होती, टेबलाच्या त्या कडेत होती, कोणी कुठे बसायचं ह्यात होती. सोमवारी बाबांच्या हातून चहा सांडला. मी दादाकडे बघितलं, वहिनीनंही बघितलं. दादानं तोंड उघडलं, वाक्य तयार होतं, मला दिसत होतं ओठांवर आलेलं. बाबा म्हणाले, "ठोंब्या, फडकं." आणि दादा उठला. छत्तीस वर्षांचा माणूस, लोकांची जळलेली घरं नाकारणारा, फडकं घेऊन आला आणि पुसायला लागला. "कडेनं आत पूस," बाबा म्हणाले. "आतून कडेला नाही." वहिनीच्या तोंडून हसू फुटलं, तिनं हातानं दाबलं, तरी फुटलं. बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं, आणि त्या क्षणी, शपथेवर सांगतो, त्यांच्या गालांत रंग आला.

चौथ्या दिवशी त्यांचे हात थरथरायचे थांबले. आठव्या दिवशी कोट बरोबर बसायला लागला. गाडीत ते पुढे बसायचे, वहिनीच्या शेजारी, आणि दादा माझ्यासोबत मागे. "सूनबाई, आरसा बघतेस तू," ते म्हणायचे. "हा कधी बघायचा नाही. मी म्हणायचो, मागे काय येतंय बघ, तर हा मान वळवून माझ्याकडे बघायचा." "खरंच?" "पहिल्या परीक्षेत खांबाला धडकला. दुसरीत गाडी मागे घ्यायची होती, तर दार उघडून उतरला आणि ढकलायला लागला." "आणि तिसरीत?" बाबा थांबायचे. त्यांना थांबायचं कुठे ते माहीत होतं. "तिसरीत सिग्नलला रडला. हिरवा पडला तरी रडतच होता. मागचे हॉर्न वाजवतायत." वहिनीला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतकं हसू आलं. मी दादाकडे बघितलं. तो काचेतून बाहेर बघत होता आणि त्याच्या मानेचा रंग उतरून कॉलरसारखा झाला होता. संध्याकाळी तो उशिरा यायला लागला. आला तरी कोट न काढता दाराजवळच्या टीव्हीपाशी उभा राहायचा, जणू तो कोणाकडे तरी निरोप द्यायला आलाय आणि त्याला कोणी बस म्हटलेलं नाही. शर्ट सैल झाले. आवाज बारीक झाला. वहिनीचा डोळा मात्र पूर्ण बरा झाला. तिच्यावर हात उगारायचा तर आधी तो हात आपला वाटायला हवा. तेवढ्यापुरतं बघितलं तर प्रयोग यशस्वी होता. आणि मला आता कोणी शेवाळ म्हणत नव्हतं. बाबा विचारायचे, "आज कुठल्या टाक्या?" मी सांगायचो. "काचेतून बघायचं आणि बोलायचं नाही," ते म्हणायचे. "चांगलं काम आहे. मीही तेच केलं." वहिनी माझ्या ताटात न विचारता वाढायची. जेवणाला चव परत आली होती. मी ते माझ्यापाशीसुद्धा कबूल करत नव्हतो.

जायच्या दोन दिवस आधी मी बाल्कनीत नळ्या धूत होतो, तर दादा आला आणि कठड्याला टेकला. बराच वेळ नळीतून येणारं पाणी बघत राहिला. "ती खोली केवढी आहे रे?" "कुठली?" "तुझी. दुकानावरची." "आहे आपली. एक पलंग मावेल." "जमिनीवर एक माणूस झोपू शकेल?" मी नळ बंद केला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "आमच्या कंपनीचं तिथे ऑफिस आहे," तो म्हणाला. "बदली मागितली तर देतील. थोडे दिवस फक्त. तुला त्रास नाही होणार, मी आवाज करत नाही." मग म्हणाला, "तुला मी जे काही बोलायचो, शेवाळ वगैरे. ते असंच रे. मजेत." "माहीत आहे," मी म्हणालो. "नाही, मजेत नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उघडा पडला, की मी पटकन नळीकडे बघितलं. सिक्लिडमध्ये हरलेला मासा अंग तिरपं करून पोट दाखवतो. म्हणजे त्याला सांगायचं असतं, बास. दुसरा थांबतो की नाही, हे दुसऱ्यावर असतं. मी म्हणालो, "चल मग. शनिवारी, नऊची गाडी." त्यानं मान हलवली. आत जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, ओला खांदा, ओला हात, आणि मला खरोखर वाटलं की मी चांगला माणूस आहे. हे वाटणं जवळजवळ दोन दिवस टिकलं.

शनिवारी सकाळी मी माझी बॅग दाराशी ठेवली. तोंड धुऊन आलो, तर तिच्या शेजारी दुसरी होती, छोटी, निळी, चेन अर्धी लागलेली. बाबा खुर्चीत होते, वहिनी चहा ओतत होती, दादा बूट घालून दाराजवळ उभा होता, सरळ, हात मागे. त्यानं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मी सांगेन असं त्याला वाटलं असावं, मीच तर चल म्हटलं होतं. "ही कोणाची?" बाबा म्हणाले. "निळी. कोणाची?" वहिनीच्या हातातली किटली थांबली. तिनं बॅगेकडे पाहिलं, दादाच्या बुटांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा कसातरी झाला. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला रडू येणार होतं असं मला वाटतं. दादा माझ्याकडे बघत होता. बाबाही. वहिनीही. एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्या तोंडाकडे कधीच बघितलं नव्हतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की तो माझ्यासोबत येतोय. तीन शब्द. आणि मी म्हणालो, "दादाची. त्याला वाटलं, शाळेची सहल आहे."

एक सेकंद गेला. मग बाबांचा खांदा हलला. "पालकांची सही आणलीस का?" ते म्हणाले. वहिनीनं किटली खाली ठेवली, तिचं रडू कुठल्या कुठे गेलं, "पाण्याची बाटली? बाटली घेतलीस का रे?" आणि ती टेबल धरून हसायला लागली. बाबांनी पायानंच निळी बॅग ओढली, अर्धी लागलेली चेन पूर्ण उघडली. आत दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, आणि सगळ्यांत वर एक नवं कोरं पुस्तक, वाहन चालवण्याचे नियम, खुणा आणि चित्रांसह. बाबांनी ते उचललं. लांब धरून कव्हर वाचलं. पानं चाळली. "चौथ्यांदा?" ते म्हणाले, इतकं हळू, इतकं प्रेमानं. मग मी हसलो. मला वाटलं होतं मी थोडासा हसेन, पण ते खोलवरून आलं, पोटातून, वहिनीनं तोल जाऊ नये म्हणून माझा दंड धरला आणि मी तिचा खांदा, बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझे कान, गाल, मान, सगळं ऊन ऊन होत गेलं, जसं आयुष्यात कधी झालं नव्हतं. दादाही हसला. ओठ तेवढे हसले. मग त्यानं वाकून बॅगेची चेन लावली, बॅग उचलली, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. "अरे पुस्तक राहिलं की!" मी ओरडलो, आणि परत सगळे फुटले.

चहा निवला, वहिनीनं दुसरा केला. मी बाबांच्या शेजारी बसलो आणि त्यांना तिसऱ्या परीक्षेची नक्कल करून दाखवली, हॉर्नसकट. नऊ वाजून गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा माझ्या आलं. साडेनऊला बाबांनी हाक मारली, "ठोंब्या, बाहेर ये. सगळे बसलेत," आणि दार उघडलं आणि तो आला. बूट अजून पायांतच होते. दहा वाजता मी मालकांना फोन केला आणि सांगितलं, जमणार नाही. ते चिडले, का म्हणून विचारायला लागले. मी म्हणालो, घरात माझ्याशिवाय करमत नाही.